आगगाडीचे सिग्नल आणि त्यांमागील नियम

गोंदियास येऊन मिळणाऱ्या रुळांच्या दिशा चार. पश्चिमेस नागपूर, पूर्वेस डोंगरगड व दुर्ग, उत्तरेस बालाघाटवरून जबलपूर, आणि दक्षिणेस वडसा-नागभीडवरून बल्लारशाह. १८८० नंतरच्या दोनचार वर्षांत नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटरगेज मार्ग या प्रांतातून गेला. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने तो आपल्या ताब्यात घेऊन रुंद केला. विसाव्या शतकाच्या आरंभी सातपुड्याची लहान गाडी येथून सुटू लागली, आणि तीही आता रुंद रुळांवर गेली आहे. आमच्या वर्गांत ज्यांचे वडील, काका अथवा आजोबा रेल्वेच्या नोकरीत आहेत वा होते अशी मुले दरवर्षी असतातच. असे असूनही सिग्नल म्हणजे काय, असे विचारले असता बहुधा एकच उत्तर मिळते : लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे चला. चौकातील दिव्यापुरते हे उत्तर पुरेसे आहे. आगगाडीपुरते ते अर्धेच होय.

हा विषय आम्ही हाती घेतला त्यास कारण एका विद्यार्थ्याचा प्रश्न. बंद फाटकाखालून सायकल आडवी करून पलीकडे जाणाऱ्या मुलांना आम्ही वर्गात त्याविषयी बोललो, तेव्हा त्यांपैकी एकाने विचारले, "मास्तर, गाडी तर कोठे दिसतही नसते. मग फाटक इतके आधी लावतात तरी कशाला?" प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, आणि त्याचे उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखेही नव्हते. त्या उत्तरास सिग्नलाची सगळी विद्या लागते. पालकांनीही ते वाचावे, कारण फाटकाखालून जाण्यात मोठी माणसे मागे असतात असे आम्हांस दिसलेले नाही.

प्रथम गाडीचा स्वभाव पाहू. रस्त्यावर बैल आडवा आला म्हणजे मोटारीचा चालक ब्रेक दाबतो, नाही तर चाक वळवितो. आगगाडीस वळणे ठाऊक नाही. थांबणे ठाऊक आहे, पण फार उशिरा. पोलादी चाक पोलादी रुळावरून चालते तेव्हा घर्षण अत्यल्प असते. म्हणूनच तिरोड्याच्या वीज केंद्राकडे कोळसा नेणारी अठ्ठावन्न वाघिणींची मालगाडी, जिची लांबी सहासातशे मीटर व वजन चार हजार टनांहून अधिक, ती एकदोन इंजिनांनी ओढली जाते. ओढण्याच्या वेळी जो गुण, तोच थांबविण्याच्या वेळी दोष होतो. भरधाव गाडीस ब्रेक लावल्यापासून उभी राहीपर्यंत एक किलोमीटरच्या आसपास, कित्येकदा त्याहून अधिक, अंतर लागते. आता सालेकसा-दरेकसाच्या डोंगराळ भागातील एखादे वळण घ्या, श्रावणातील पाऊस घ्या, किंवा पौषातील पहाटेचे धुके घ्या. समोर किलोमीटरभर कोणास दिसणार आहे? तात्पर्य, ड्रायव्हर (ज्यास रेल्वे आता लोको पायलट म्हणते) डोळ्यांना दिसणाऱ्या मार्गाच्या भरवशावर गाडी हाकतच नाही. जो मार्ग त्यास दिसत नाही त्याविषयीचे वचन त्यास कोणी तरी द्यावे लागते. ते वचन म्हणजे सिग्नल.

वचन देणाऱ्यास पुढचा मार्ग मोकळा आहे हे कसे कळावे? आरंभीच्या काळी रेल्वे कंपन्या घड्याळावर भिस्त ठेवीत. एक गाडी सुटली की ठरलेली मिनिटे जाऊ द्यावयाची व मग दुसरी सोडावयाची. पहिली गाडी वाटेत अडली असेल काय, हे घड्याळास कळत नसे. आयर्लंडमधील आर्मा गावाजवळ १२ जून १८८९ रोजी याचे फळ दिसले. रविवारच्या शाळेतील मुलांना व त्यांच्या माणसांना सहलीस नेणारी गाडी चढावर अडली. इंजिनास भार पेलेना म्हणून कामगारांनी गाडी मध्येच तोडून पुढचा भाग नेण्याचे ठरविले. मागचे डबे चाकांखाली दगड लावून उभे केले होते. ते सुटले व उतारावरून मागे धावत गेले. त्याच रुळावर ठरलेल्या मिनिटांनंतर सोडलेली दुसरी गाडी वर येत होती. ऐंशी माणसे मेली व त्यांत मुले पुष्कळ होती. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटाने कायदा करून तीन गोष्टी सक्तीच्या केल्या : दोन गाड्यांमध्ये वेळाचे नव्हे तर जागेचे अंतर, सांधे व सिग्नल यांची परस्पर जखडण, आणि गाडी तुटली तरी आपोआप लागणारा ब्रेक. या तिन्ही गोष्टी जाणत्या लोकांनी त्यापूर्वीच पुष्कळ वर्षे सुचविल्या होत्या. खर्चाचे कारण सांगून कित्येक कंपन्यांनी त्या लांबणीवर टाकल्या होत्या, हे येथे नमूद केले पाहिजे.

जागेचे अंतर म्हणजे असे. मार्गाचे तुकडे पाडावयाचे व एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी असावयाची. गंगाझरीच्या स्टेशनमास्तरास गोंदियाकडे गाडी पाठवावयाची असेल तर ती त्याच्या मर्जीने जात नाही. पुढच्या ठाण्याकडून 'लाइन क्लियर' मिळाल्यावाचून त्याचा शेवटचा सिग्नल उघडतच नाही. आणि पुढचे ठाणेही आपल्या पहिल्या थांब्याच्या सिग्नलापर्यंतच रूळ मोकळा आहे एवढे पाहून क्लियर देत नाही. त्या सिग्नलाच्या पलीकडेही काही अंतर मोकळे असावे लागते. जुन्या हाताच्या सिग्नलांच्या पद्धतीत ते ४०० मीटर असे व आजच्या अनेक रंगांच्या पद्धतीत १८० मीटर आहे. ब्रेक लावण्यात एखाद्याचा अंदाज थोडा चुकला, तर त्या चुकीची किंमत कोणाच्या प्राणाने भरली जाऊ नये म्हणून ही जागा रिकामी राखलेली असते. जागेचे अंतर संपले म्हणजे काय होते हे पाहण्यास आयर्लंडला जाण्याची गरज नाही. १७ ऑगस्ट २०२२ च्या उत्तररात्री आपल्या गोंदियाजवळच एका प्रवासी गाडीची पुढच्या मालगाडीस मागून धडक बसली, डबा रुळांवरून घसरला व झोपेतील प्रवासी जखमी झाले.

आता सिग्नलाकडे वळू. वडीलधाऱ्या मंडळींना खांबावरील हात आठवत असतील. तांबड्या हातावर पांढरा पट्टा, आडवा असला म्हणजे गाडीस मनाई, खाली झुकला म्हणजे परवानगी. म्हणूनच 'सिग्नल पडला' हा शब्दप्रयोग आपल्या बोलीत रुजला व दिव्यांच्या काळातही तो टिकून आहे. केबिनमधून ओढलेल्या तारेने तो हात खाली येई. आता विद्यार्थ्यांनी विचार करावा की ती तार मध्येच तुटली तर हाताने कोठे जावे? याचे उत्तर जगाने १८७६ च्या जानेवारीत इंग्लंडातील ॲबट्स रिप्टन येथे मोठ्या किमतीला विकत घेतले. तेथे त्या काळी सिग्नल एरवी उघडा ठेवण्याचा व गरजेपुरता बंद करण्याचा प्रघात होता. बर्फ पडून हात उघड्या स्थितीतच गोठला. केबिनमधला माणूस दांडा ओढून 'बंद केला' असे समजला, आणि खांबावर मात्र 'चला' असाच निरोप राहिला. त्या अपघातानंतर प्रघात उलटा झाला. लाल ही सिग्नलाची नेहमीची स्थिती ठरली. हिरवा मागून घ्यावा लागतो, कारण असेल तर दिला जातो, व काम होताच परत घेतला जातो. हातास वजन असे लावलेले असते की तार तुटली तर तो आपोआप आडवा व्हावा. सारांश, यंत्र बिघडले तर ते गाडी थांबवून बिघडावे. सिग्नलाच्या सगळ्या विद्येत याहून मोठे तत्त्व आम्हांस सापडलेले नाही. याच न्यायाने नियम असा आहे की दिवा विझलेला असेल अथवा स्पष्ट दिसत नसेल, तर तो सिग्नल आपले सर्वांत कडक रूप दाखवीत आहे असे समजावे. अंधार म्हणजे परवानगी नव्हे.

रंगांची कथाही याच तत्त्वाची आहे. पूर्वी रात्री 'चला' यासाठी पांढरा दिवा असे. परंतु लाल काच फुटून पडली तर उरतो तोही पांढराच! म्हणून पांढऱ्यास काढून हिरव्यास त्या जागी बसविले. घासलेटच्या काळातील हिरवी काच हातात घेऊन पाहिली तर ती निळसर दिसे. ज्योत पिवळी असल्यामुळे दोहोंच्या मिळणीने लांबून हिरवा उजेड पडे. रंगपेटी घेऊन बसणाऱ्या लहान मुलांना हे सहज पटेल.

आजच्या दिव्यांच्या सिग्नलाची रूपे चार आहेत : लाल, एक पिवळा, दोन पिवळे व हिरवा. लाल व हिरवा सर्वांस ठाऊक. खरी करामत पिवळ्याची. ड्रायव्हरास एकदम लाल दिसला तर त्याचा उपयोग काय? तो दिसेपर्यंत थांबण्याचे अंतर संपलेले असावयाचे. म्हणून लाल येण्याआधी पिवळा येतो. एक पिवळा म्हणजे, 'चल, पण पुढच्या सिग्नलाशी उभे राहण्याच्या तयारीने चल.' दोन पिवळे म्हणजे, 'चल, पण पुढचा सिग्नल ठरलेल्या कमी वेगानेच ओलांडण्याच्या तयारीने चल.' पुढे एक पिवळा असेल किंवा गाडीस मुख्य रूळ सोडून बाजूच्या लूप लाइनीवर जावयाचे असेल, तेव्हा दोन पिवळे दिसतात. कित्येक मुले समजतात की दोन पिवळे हे एका पिवळ्याहून अधिक धोक्याचे, कारण दिवे अधिक. वस्तुतः उलट आहे. एका पिवळ्यामागे लाल उभा असू शकतो. दोन पिवळ्यांमागे तो आणखी एक पाऊल दूर आहे. अशा रीतीने प्रत्येक सिग्नल आपल्यापुरते न बोलता पुढच्या सिग्नलाचे भाकीत करतो.

स्टेशनाबाहेर एक किलोमीटरवर, आणि जलद गाड्यांच्या मार्गावर दोन किलोमीटरवरही, जो पहिला सिग्नल भेटतो त्यास डिस्टंट म्हणतात. हा केवळ भाकीत सांगणारा. त्यास लाल दिवा मुळी नसतोच, कारण थांबविणे हे त्याचे कामच नव्हे. त्याच्या खांबावर इंग्रजी 'पी' अक्षराची पाटी असते. फाटकाच्या सिग्नलावर 'जी', आणि स्वयंचलित सिग्नलावर 'ए'. या अक्षरांना महत्त्व आहे, कारण लाल दिसल्यावर काय करावे हे त्यांवर अवलंबून असते. साध्या लालाशी ड्रायव्हर परवानगी येईपर्यंत उभा राहतो. 'ए' पाटीचा सिग्नल माणूस चालवीत नाही. पुढच्या तुकड्यात गाडी आहे की नाही हे रुळांतील वीज अथवा चाके मोजणारे यंत्र त्यास कळविते. मार्ग मोकळा असता तो एरवी हिरवाच असतो व गाडी ओलांडताच लाल होतो. तो लाल असला तर गाडी दिवसा एक मिनिट व रात्री दोन मिनिटे उभी करून, शिटी देऊन, समोर अडथळा दिसताच थांबता येईल अशा मंद वेगाने पुढे नेण्याची मुभा आहे. ही मुभा मोठी जोखमीची आहे. या एका ठिकाणी वचनाची जागा पुन्हा माणसाचे डोळे घेतात.

रुळांतील विजेची युक्ती १८७२ साली अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन याने काढली. दोन्ही रुळांतून एक सौम्य प्रवाह वाहत असतो व तो पोहोचत असेल तोवरच सिग्नल हिरवा होऊ शकतो. गाडीचा आस दोन्ही रुळांस जोडतो व प्रवाह मध्येच वळतो, म्हणून लाल. रूळ तुटला, प्रवाह खंडला, तरी लाल. बॅटरी संपली, तरी लाल. तार तुटलेल्या हाताचाच हा विजेतील भाऊ नव्हे काय?

मार्ग मोकळा असणे पुरे नाही, तो योग्य दिशेस जोडलेलाही असावा लागतो. रुळांचे सांधे एका बाजूस व सिग्नलाचा निरोप दुसऱ्या बाजूस असे होऊ नये म्हणून दोहोंची जखडण केलेली असते. सांधे बसून कुलूपबंद झाल्याखेरीज सिग्नल उघडत नाही, व सिग्नल उघडा असेपर्यंत सांधे हलत नाहीत. ही जखडण फसली की काय होते ते २ जून २०२३ च्या सायंकाळी ओडिशातील बहानगा बाजार स्टेशनात दिसले. कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा मिळाला, सांधे मात्र लूप लाइनीकडे होते व तेथे मालगाडी उभी होती. दोनशे नव्वदच्या आसपास माणसे दगावली. ड्रायव्हरने सिग्नल पाळला होता. तपासात असे आढळले की एका फाटकाच्या ठिकाणी सिग्नलाच्या तारांची जोडणी चुकीची झाली होती.

यंत्र कितीही शहाणे असले तरी शेवटी इंजिनात माणसेच बसतात. म्हणून प्रत्येक सिग्नल दिसताच ड्रायव्हर व त्याचा सहायक या दोघांनी त्याचे रूप मोठ्याने एकमेकांस सांगावे असा नियम आहे. हे आम्हांस वर्गातील उजळणीसारखे वाटते. जो शब्द तोंडाने उच्चारला त्याकडे मनाचे दुर्लक्ष होणे कठीण. रंग ओळखण्याची परीक्षाही या नोकरीत कडक असते व तीत सूट नाही. स्वीडनमधील १८७५ च्या एका अपघातानंतर रंगांधळेपणाची शंका आली, व लोकरीच्या रंगीत लडी ओळखावयास लावून कामगारांची पारख होऊ लागली. ज्या मुलांस इंजिनावर जाण्याची हौस आहे त्यांच्या पालकांनी मुलाचे डोळे लवकर तपासून घ्यावेत, म्हणजे पुढे निराशा व्हावयाची नाही. अलीकडे 'कवच' नावाची देशी यंत्रणा काही मार्गांवर बसविली जात आहे. ड्रायव्हरने लाल सिग्नलाकडे दुर्लक्ष केलेच तर ती स्वतः ब्रेक लावते.

आता फाटकाचा प्रश्न. सिग्नलाशी जोडलेल्या फाटकावर गेटमन दांडे खाली करून कुलूप लावीत नाही तोवर त्या फाटकाचा सिग्नल हिरवा होऊच शकत नाही, आणि तो लाल आहे तोवर मागचा डिस्टंट पिवळाच राहतो. गाडीने वेग न मोडता जावे असे असेल तर ड्रायव्हरास तो पिवळा दिसण्यापूर्वीच फाटक लागले पाहिजे. पहिला डिस्टंट सिग्नलापूर्वी दोन किलोमीटरवर, तो ड्रायव्हरास आणखी काही अंतरावरून दिसतो, आणि सिग्नलही फाटकाच्या थोडा अलीकडेच असतो. सगळे मिळून अडीच किलोमीटर धरू. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदास सुमारे २७.८ मीटर जाते, म्हणजे हे अंतर तोडण्यास तिला ९० सेकंद लागतात. ताशी ५० किलोमीटरच्या मालगाडीस तीन मिनिटे. रस्त्यावरील बैलगाड्या व ट्रॅक्टर हटवून दांडे पाडण्याचा वेळ यात मिळवावा. दुसऱ्या रुळावरही गाडी येत असेल तर त्या हिशेबात तिचीही भर. फाटक 'इतके आधी' लागते ते एवढ्यासाठी. गाडी दिसत नसते तेव्हाच ड्रायव्हरास हिरवा मिळालेला असतो.

समजा, त्या नव्वद सेकंदांत कोणी दांडा वर उचलून मोटारसायकल आत घातली व ती रुळात अडकली. गेटमन सिग्नल लाल करील, पण गाडी सिग्नल ओलांडून आली असेल तर तो लाल कोण पाहणार? नियमाप्रमाणे गेटमनाने लाल बावटा घेऊन रुळाने धावावयाचे, ६०० मीटरवर एक व १२०० मीटरवर तीन फटाके रुळावर लावावयाचे. चाकाखाली ते फुटले म्हणजे ड्रायव्हर समजतो. चांगल्या धावणाऱ्या मुलास खडीवरून १२०० मीटर जाण्यास पाचसहा मिनिटे लागतील. गाडीस तेच अंतर ४३ सेकंदांचे आहे. आमच्या नववीच्या मुलांनी हा हिशेब फळ्यावर करून पाहिला व नंतर वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. बंद फाटक उघडणाऱ्यास १९८९ च्या रेल्वे कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. ते कलम कशासाठी, हे आता वेगळे सांगावयास नको.

फलाटावर गाडीची वाट पाहत बसण्याचा प्रसंग आला म्हणजे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट पाहावी. फलाटाच्या टोकाकडील सिग्नल हिरवा झाल्यावर इंजिन सुटते. इंजिन त्या खांबापाशी पोहोचून पलीकडे जाताच, मागचे सगळे डबे अद्याप आपल्यासमोरून जात असतानाच, तो दिवा लाल झालेला असतो. निरोप पोहोचला, परवानगी परत घेतली. शेवटच्या डब्यामागे 'एलव्ही' ही अक्षरे लिहिलेली पाटी व रात्री लुकलुकणारा तांबडा दिवा असतो. पुढच्या ठाण्याचा माणूस तीच खूण पाहतो, कारण ती दिसली म्हणजे गाडी मध्येच तुटली नाही, सबंध आली, अशी खात्री होते. त्यानंतरच तो मागच्या ठाण्यास मार्ग मोकळा झाल्याचे कळवितो, आणि मधल्या फाटकावर पुढच्या गाडीसाठी घंटी वाजते.